'कोबाल्ट ब्लू' वाचलेल्यांनो, इकडे या (कथानक फोडलेलं आहे)

कडबोळी
सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (मौज प्रकाशन, २००६) पुन्हा वाचून काढली. इथे शोध घेतला तर सिनेमावर दोन-तीन धागे दिसले, पुस्तकाबद्दल नीट बोलणं कुठेच नाही. म्हणून हा धागा. गोष्ट सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना कोरी वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

पुण्यातलं जोशी कुटुंब. आई, बाबा, थोरला असीम, मग तनय आणि अनुजा. घरातली वरची खोली भाड्याने द्यायचं ठरतं आणि एक तरुण चित्रकार पेइंग गेस्ट म्हणून येतो. भाडं तयार, लागेल तिथे हात लावणार, आपली संस्कृती कशी रसातळाला चालली आहे यावर आईचं बोलणं मान डोलावत ऐकून घेणार. फक्त त्याला आडनाव नाही, घरचं कोणी नाही, मागचं-पुढचं काही नाही. तनय त्याच्या प्रेमात पडतो. अनुजाही पडते. एक दिवस तो आणि अनुजा निघून जातात आणि काही महिन्यांनी अनुजा एकटीच परत येते. पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे तनयने त्या निघून गेलेल्या मुलाशी 'तू' म्हणून केलेलं बोलणं, दुसरा भाग म्हणजे अनुजाची डायरी.

मला सगळ्यात लागलं ते हे : मुलगी पळून गेली म्हणून घर हादरतं. तिच्यासाठी राग, काळजी, लाज, सगळं काही रीतसर होतं. तनयचंही त्याच दिवशी तेवढंच गेलेलं असतं, पण ते कुणाच्या गावीही नाही. त्याला समजवायला कोणी येत नाही, त्याच्यावर चिडायलासुद्धा कोणी येत नाही. अनुजाला निदान शिव्या तरी मिळतात. तुम्हाला काय वाटलं?

रिकामा रविवार
+१. शेवटच्या दोन वाक्यांना तर दंडवत.

बांधणीबद्दल थोडं. तनयचं बोलणं क्रमाने जात नाही. मध्येच लहानपण, मध्येच खोली, मध्येच आत्ताचं रिकामं घर. पहिल्या वीसेक पानांत मी दोनदा मागे जाऊन बघितलं की काही सुटलं का. मग कळलं की तो आठवतोय, सांगत नाहीये. समोरच्याला सगळं माहीतच आहे, त्यामुळे खुलासे करायची गरज नाही. खुलासे हवेत आपल्याला, आणि आपण तिथे आगंतुक. अनुजाची डायरी त्या मानाने सरळ चालते आणि तनयने अर्धवट सोडलेले धागे तिच्याकडून कळतात. तेही तिच्या नकळत.

तिरकस
चांगली आहे, पण देव्हाऱ्यात बसवायची नाही. तो पेइंग गेस्ट माणूस आहे की भाड्याने दिलेला आरसा? नाव नाही, आईबाप नाहीत, पैशाची ददात नाही, दिसायला बरा, चित्रं काढतो, शास्त्रीय संगीतापासून स्वयंपाकापर्यंत सगळ्याबद्दल मत तयार. असा मुलगा सदाशिव पेठेत काय, अख्ख्या पृथ्वीवर भाड्याने खोली मागत फिरत नाही. विशीतल्या लेखकाच्या स्वप्नातला आहे तो. आणि 'गे कादंबरी' हे लेबल लावून वाचू नका, एवढीच विनंती. बरी कादंबरी आहे, बास.

कडबोळी
@तिरकस, तो दिसतो तो आपल्याला दोन प्रेमात बुडालेल्या माणसांकडूनच. त्यांनी त्याची जमाखर्चाची वही बघितली असती तर पुस्तकच झालं नसतं.

आणि आडनाव नसलेल्या मुलाला पुण्यात खोली देणं, ही जोश्यांनी आयुष्यात केलेली एकमेव बेधडक गोष्ट असावी.

पाचवा मजला
मी गे आहे (जुन्या लोकांना माहीत आहे, नव्यांनी दचकू नये), त्यामुळे 'लेबल लावू नका' हे ऐकलं की थोडं हसू येतं. राजा-राणीच्या प्रेमकथेला कोणी 'ही प्रेमकथा म्हणून वाचू नका' असं सांगत नाही. असो.

मी ही वाचली तेव्हा पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. जुना वाडा, लाकडी जिना. मालकांची अट एकच : मुली आणायच्या नाहीत. जिन्यापाशी काढलेल्या चपलांवर काकूंची नजर असायची, त्यात बायकी चप्पल आहे का म्हणून. पण माझा 'मित्र' मुक्कामाला आला की याच काकू वर जास्तीची गादी पाठवायच्या, सोबत दोन वाट्या चिवडा. 'अभ्यास करा रे, नुसत्या गप्पा नकोत.' जोश्यांच्या घरात मला तो जिना दिसतो. घरात तरुण मुलगी आहे म्हटल्यावर सगळी राखण मुलीची. मुलगा वरच्या खोलीत किती वेळ आहे ते घड्याळ लावून कोण बघणार? उलट बरंच की, पोराला संगत मिळाली.

तेव्हा त्याची गंमत वाटायची. लपवावंच लागत नाही, कारण कोणी शोधतच नाही. पण आमचं फाटलं तेव्हा कळलं की जे कुणी पाहिलंच नव्हतं ते संपलं हे तरी कुणाला सांगणार. मी ऑफिसला गेलो, डबा खाल्ला, काकूंनी विचारलं 'हल्ली येत नाही वाटतं तो?' मी म्हटलं 'बंगलोरला नोकरी लागली.' काकू म्हणाल्या, 'अरे वा, पेढे कुठायत?'

तनय मला आवडतो तो एवढ्यासाठी. त्याच्या तोंडी 'मी असा का' हा प्रश्न मुख्य नाहीच. 'तू का गेलास' एवढंच. त्या काळात हे फार मोठं होतं माझ्यासाठी.

रिकामा रविवार
पेढ्यांचं वाचून काय लिहावं कळेना.

शेवगा
पाचवा मजला यांनी 'त्या काळात' म्हटलंय, तर तरुण वाचकांसाठी संदर्भ. पुस्तक आलं २००६ साली, म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्ण ताकदीने लागू होतं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते निष्प्रभ केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवादही २०१३ चाच, म्हणजे इंग्रजी वाचकांच्या हातात पुस्तक पडलं त्याच वर्षी तनय पुन्हा गुन्हेगार ठरला. मग ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल सगळ्यांना आठवतच असेल, सर्वोच्च न्यायालयानेच असे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले.

मजा अशी की कादंबरीत पोलीस, कायदा, मोर्चा यांचा वास फारसा नाही. मला आधी हे खटकायचं. आता वाटतं की त्या वयाच्या, त्या घरातल्या मुलाला कायद्याची भीती दुसऱ्या नंबरची असते. पहिला नंबर स्वयंपाकघरातून येणाऱ्या हाकेचा.

उजनीकाठ
मंडळी, राम राम. पुस्तक मी वाचलंय, सोलापुरात शिकायला असताना. भाषा लय आवडली. पण एक बोलतो, राग मानू नका.

हे सगळं वरची खोली असलेल्या लोकांचं दुःख आहे. आमच्या घरात सात माणसं आन दोन खोल्या. प्रेमात पडायला आधी दार पायजे, त्याला आतनं कडी पायजे. तनयला खोली आहे, पुस्तकं आहेत, गाणी आहेत, मुंबईला निघून जायची सोय आहे. आमच्याकडं बारावी झाली की पोरगं उसाच्या गाडीवर नाहीतर भरतीच्या मैदानावर. माझं जे काय होतं ते कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला होतं. बाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टर लायनीत लागलेले, आत दोघं पावत्या फाडणार. चार महिने गळीत हंगाम, तेवढाच आमचा संसार. पट्टा पडला, म्हंजे हंगाम संपला, की तो त्याच्या गावाला आन मी माझ्या. पुढच्या हंगामाला तो लग्न करूनच आला.

त्यावर कोण लिहिलंय? असलं तर सांगा, मला खरंच वाचायचंय.

तिरकस
@उजनीकाठ, या एका परिच्छेदात पुस्तकाच्या निम्म्या पानांपेक्षा जास्त ऐवज आहे. हे तुम्हीच लिहायला हवं. मी कौतुक क्वचित करतो, इथले लोक साक्षीला आहेत.

पाचवा मजला
उजनीकाठ, राग कसला. दाराचा मुद्दा शंभर टक्के खरा. शहरातसुद्धा ज्यांच्याकडे खोली नव्हती त्यांची गोष्ट स्टेशन, बागा आणि शेवटची लोकल यांच्यावर चालायची. ते पुस्तक वेगळं झालं असतं, आणि जोशीबाईंनी मान वळवून घेतली असती.

डोंगरवेडी
इथवर सगळे तनय तनय. अनुजाचं काय?

मला तर डायरीचाच भाग जास्त आवडला. ती ट्रेकला जाणारी, कुणाच्या साच्यात न बसणारी मुलगी. तिला त्याच्याबद्दल वाटलं ते ती सरळ करून मोकळी झाली, घर सोडून गेली. पदरात काय पडलं? टाकली गेली ती, आणि परत आल्यावर घराने तिला जणू दुखण्यातून उठलेली बाई करून टाकलं. डॉक्टर, देखरेख, दबक्या आवाजातली बोलणी, मग स्थळं. तनयचं दुःख कोणी बघत नाही हे खरं, पण तिचं दुःख चोवीस तास सगळे बघतायत. मला विचाराल तर दुसरं जास्त भयंकर. तनय निदान खोलीचं दार लावून रडू शकतो. (उजनीकाठ, तुमचं दार परत आलं बघा.)

आणि एक. त्या इसमाने बहीण-भाऊ दोघांना एकाच घरात, एकाच वेळी नादाला लावलं. याला 'गूढ' म्हणायचं? आमच्या गावात याला सरळ वेगळा शब्द आहे, इथे लिहिला तर संपादक उडवतील.

पाचवा मजला
डोंगरवेडी, त्याच्याबद्दल माझंही मत फार बरं नाही. पण तो दोघांच्याही प्रेमात असू शकतो, हे आपण धरतच नाही. बायसेक्शुअल माणूस दिसला की लोक म्हणतात, 'एक काहीतरी खोटं असणार.' आमच्या बिरादरीतही हे म्हणतात, अगदी तोंडावर. तो वाईट आहे कारण तो न सांगता गेला. दोघांवर जीव होता म्हणून नाही.

डोंगरवेडी
मान्य. न सांगता गेला, हे दोनदा. आधी तनयला, मग अनुजाला. सवयच म्हणायची.

खणखणीत सत्य
ही सगळी पाश्चात्त्य थेरं आहेत. मराठी साहित्यात असले विषय आणून तरुण पिढी बिघडवण्याचं काम चालू आहे. आपली संस्कृती कुठे चालली आहे याचा कोणी विचार करणार का?

तिरकस
जोशीबाई, तुम्ही इथे? खाली भाजी करपतेय.

संपादक
यानंतरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. पुस्तकावर बोला, एकमेकांच्या घरच्यांवर नको. 'खणखणीत सत्य' यांचा मूळ प्रतिसाद ठेवला आहे, कारण मत मांडायला बंदी नाही.

एडिसनकर
मी इंग्रजी अनुवादातून वाचली, मग भारतभेटीत मराठी घेऊन आलो. आमच्या इथल्या वाचनगटात (सगळे मराठी, पन्नाशीपुढचे, एक जोडपं नुकतंच निवृत्त) हे पुस्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा एकदोघांनी 'तब्येत बरी नाही' म्हणून कळवलं. जे आले ते मात्र रात्री साडेअकरापर्यंत हलले नाहीत.

इथल्या अमेरिकन वाचनालयात गे रोमान्सला आता स्वतंत्र फळी असते. माझी मुलगी ढिगाने आणते. आईस हॉकीवाले, राजपुत्र, बेकरीवाले, सगळे एकमेकांच्या प्रेमात. रोमान्स म्हणून विकायचं तर शेवट गोड हवा, हा तिथला करारच असतो. वाचकाला पहिल्या पानापासून खात्री असते की हे दोघे एकत्र येणार. मुलीला 'कोबाल्ट ब्लू' दिलं. तिने वाचून परत दिलं आणि म्हणाली, 'बाबा, तुमच्याकडे कुणाला सुखाने नांदू देत नाहीत का?' मला उत्तर सुचलं नाही, इथे विचारतो. मराठीत शेवट गोड असलेली गे प्रेमकथा आहे का?

शेवगा
गोड शेवटाचं नाव पटकन सुचत नाही. उलटी बाजू आठवते. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं, त्यातली, एका मुलीच्या प्रेमात पडलेली मित्रा शेवटी जीव देते. नाटक काळाच्या पुढचं होतं यात वाद नाही, पण शेवट पाहिलात तर काळाच्या बरोबरचाच. त्या हिशेबाने तनय आणि अनुजा दोघेही जिवंत राहतात आणि घराबाहेर पडतात, हीच प्रगती म्हणायची.

बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' पण वाचा. वपुंची नव्हे! दुकानात नुसतं 'पार्टनर' म्हटलंत तर वपुच हातात ठेवतील. खिरे म्हणजे पुण्यात समपथिक ट्रस्ट काढणारे, आणि त्यांचं लेखन समजावून सांगणारं असतं. ज्या घरात नुकतंच कळलंय त्या घराला 'कोबाल्ट ब्लू'पेक्षा तेच आधी द्यावं, असं माझं मत.

वाईच्या काकू
मी इथे लिहीत नाही, नुसती वाचते. वय सदुसष्ट. आमच्या धाकट्याने मला त्याच्याबद्दल सांगितलं आणि नंतर ही कादंबरी दिली. (शेवगा म्हणतात ते पुस्तकही दिलं. आधी हे वाचलं, कारण हे पातळ होतं.)

मला एवढंच म्हणायचं आहे की त्या आईला काहीच कळत नाही, हे मला पटलं नाही. घरातल्या कपड्यांच्या घड्या जी बाई घालते तिला कुणाचा शर्ट कुणाच्या खोलीतून आला ते कळतं. उशीच्या अभ्र्याला कुठल्या तेलाचा वास आहे ते कळतं. लेखक पुरुष आहेत, त्यांनी कपडे वाळत घातले नसतील. आईला कळलं असणार. तिने ते मनातल्या मनात दुसरीकडे ठेवून दिलं असणार, आणि म्हणूनच ती संस्कृतीबद्दल एवढं बोलत असणार.

बाकी पुस्तक चांगलं आहे. थोडी सिगारेट कमी चालली असती.

पाचवा मजला
काकू, वाकून नमस्कार. माझ्या आईने मी सांगितल्यावर म्हटलं होतं, 'बरं. जेवलास का?' त्या 'बरं'मध्ये किती वर्षांच्या घड्या होत्या ते आज तुमचं वाचून कळलं.

कडबोळी
काकूंचा प्रतिसाद वाचून मी जोशीबाईंची सगळी पानं परत चाळली. तिचं संस्कृतीवरचं बोलणं मी विनोद म्हणून वाचत होते. आता तसं वाचता येत नाहीये. काकू, लिहीत जा इथे.

रिकामा रविवार
सिनेमाबद्दल कोणीच बोललं नाही? २०२२ ला नेटफ्लिक्सवर आला, दिग्दर्शन कुंडलकरांचंच, प्रतीक बब्बर पेइंग गेस्ट. सगळं उचलून फोर्ट कोचीला नेलंय आणि भाषा हिंदी-इंग्रजी.

तिरकस
दिसायला सुंदर. इतका सुंदर की दुःखसुद्धा पर्यटन खात्याचं वाटतं. पुण्याच्या घरातली कोंडी समुद्राकाठी टिकत नाही. अशा फ्रेममध्ये खिडकी उघडी असते हो, वारा येतो.

डोंगरवेडी
मला आवडला. पण पुस्तक वाचलं नसतं तर जास्त आवडला असता.

पाचवा मजला
एडिसनकर, तुमच्या मुलीच्या प्रश्नावर परत येतो. सुखाने नांदणारे आहेत, फक्त त्यांच्यावर कोणी लिहीत नाही, कारण त्यात 'नाट्य' नाही म्हणे. मी आणि माझा जोडीदार कोथरूडला राहतो. भाडेकरारावर आम्ही 'दोन बॅचलर'. अकरा महिने झाले की एजंट विचारतो, 'सर, लग्नाचं काय?' कारण बॅचलरला जागा द्यायला सोसायटी कुरकुरते. आम्ही खरं सांगितलं तर आम्ही बॅचलर नाही, पण खरं सांगितलं तर जागाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर आमच्यासारख्यांच्या लग्नाचा कायदेशीर रस्ता सध्या बंदच आहे, त्यामुळे विम्यावर नॉमिनी कोण लावायचा, दवाखान्यात सही कोण करणार, फ्लॅट घेतलाच तर कुणाच्या नावावर, यावर आमची रविवारी सकाळची भांडणं चालतात. पोहे खात खात. यात नाट्य नाही असं कोण म्हणतं?

मला असं पुस्तक हवंय ज्यात दोघे शेवटच्या पानावरही पाण्याच्या टाकीच्या वर्गणीवरून वाद घालतायत.

एडिसनकर
हे मुलीला भाषांतर करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'हे पुस्तक मी घेईन.' एक प्रत खपली समजा.

उजनीकाठ
तिरकस भाऊंनी लिहा म्हणून सांगितलं तेव्हापासून डोक्यात घोळतंय. वजनकाट्यावरचं लिहायला घेतलंय, कथा म्हणून. नावं बदलली, कारखाना बदलला, नदी तीच ठेवली. शेवट काय करायचा ते ठरत नाही. खरं झालं तसं लिहिलं तर तो लग्न करून येतो, आन एडिसनकरांच्या पोरीला ते चालणार नाही.

डोंगरवेडी
त्याच्या बायकोलाही गोष्टीत आणा. तिला नुसती 'लग्न करून आला' या तीन शब्दांत गुंडाळू नका. बाकी शेवट तुमचा.

वाईच्या काकू
त्या मुलाच्या आईलाही आणा.

उजनीकाठ
आता सात माणसं आन दोन खोल्यांची कथा व्हायला लागली ही. पहिला भाग तयार आहे. इथं टाकू का नवीन धागा काढू?

तिरकस
नवीन धागा काढा. आणि खाली 'क्रमशः' लिहायचं असेल तर आधी दुसरा भाग हातात ठेवा. या संस्थळावर क्रमशः लिहून गेलेले लोक दिवाळी अंकांनाही सापडलेले नाहीत.

संपादक
उजनीकाठ, ललित विभागात टाका. शीर्षकात 'भाग १' लिहा, म्हणजे पुढचे भाग जोडता येतील.